जुना इंग्रजी बॅरोमीटर: या चुका टाळा

जुना बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारं यंत्र, घेणारा आधी लाकूड बघतो. महोगनीवरची फिकट लाकडाची बारीक पट्टी, शिंपल्याची नक्षी, पितळी टोपी. आत अडीच फूट पारा उभा आहे, हे त्याच्या ध्यानात येतं ते गाडीतून उतरवताना.

म्हणून पहिली चूक तीच: आडवा करणं. एकदा माझ्याकडे दुरुस्तीला व्हिक्टोरियन काळातला बँजो बॅरोमीटर आला, म्हणजे गोल तबकडीचा. लिलावात घेतलेला, मागच्या सीटवर घोंगडीत गुंडाळून आडवा आणलेला. याच्या नळीचं खालचं टोक वर वळलेलं आणि उघडं असतं. तिथल्या पाऱ्यावर काचेचं छोटं वजन तरंगतं, त्याचा रेशमी दोरा कप्पीवरून जातो आणि काटा फिरवतो. इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकची ही कल्पना १६६० च्या दशकातली. घोंगडी उलगडली तेव्हा पारा लोकरीत, लाकडाच्या फटींत, सगळीकडे होता. मालकांनी सीटवरचा पारा हातानं गोळा केला होता. सोन्याची अंगठी पांढरी पडली होती. वर व्हॅक्यूम क्लीनरही फिरवला होता. असं कधीच करू नका, त्यानं पाऱ्याची वाफ घरभर पसरते.

मी बँजो नेहमी उभाच नेतो, मांडीशी धरून. लांबच्या प्रवासाला आधी सावकाश तिरका करून पारा नळीच्या माथ्याला टेकवतो, उघड्या टोकात बूच बसवतो आणि तसाच तिरका ठेवतो. सरळ काठीसारख्या बॅरोमीटरला बहुधा तळाशी स्क्रू असतो. तो आतली कातड्याची पिशवी दाबून पारा वर चढवतो. लंडनचा घड्याळजी डॅनियल क्वेअर यानं १६९५ मध्ये पेटंट घेतलं, ते असाच न सांडता नेता येणारा बॅरोमीटर करण्यासाठी. आधी तिरका करावा, मग स्क्रू फिरवावा, आणि बोटांना जरा अडल्यासारखं वाटलं की थांबावं. घाईची माणसं अजून अर्धा वेढा देतात आणि दीडशे वर्षांचं कातडं फाटतं.

तबकडी चकचकीत करू नका. ती पितळेची असली तरी वर चांदीचा अगदी पातळ थर असतो आणि कोरलेल्या अक्षरांत काळं मेण भरलेलं असतं. पितळेचं पॉलिश दोन मिनिटांत दोन्ही घालवतं. कारागिराचं नाव असं पुसलेलं पाहिलं की मला फार वाईट वाटतं. मऊ कोरडं फडकं पुरे.

लाकडाला पॉलियुरेथेनचं आधुनिक वार्निश लावू नका. मूळ लाखेचं पॉलिश मळलेलं असलं तरी तेच राखावं.

खोली गरम करणाऱ्या रेडिएटरवर किंवा उन्हात टांगू नका.

‘पुण्यात नेल्यापासून काटा स्टॉर्मीवरून (म्हणजे वादळी) हलत नाही,’ अशी तक्रार आली होती. यंत्र ठीकच होतं. तबकडीवरचे शब्द समुद्रसपाटीजवळच्या हवेसाठी आहेत; पुणं ५६० मीटर उंचीवर, तिथे पारा २८ इंचांच्या आसपास उभा राहतो आणि तबकडीवर तिथेच ‘स्टॉर्मी’ लिहिलेलं असतं. हवामान खात्याचा समुद्रसपाटीला आणलेला दाब घ्यावा आणि काटा त्यावर लावावा. पारा काढू-घालू नये.

काठीचा बॅरोमीटर घेण्याआधी तो सावकाश तिरका करून ऐका. पारा माथ्याला ‘टक्’ असा स्वच्छ आवाज करत लागला तर माथ्याची निर्वात पोकळी शाबूत. आवाज बोदा आला तर नळीत हवा आहे. मग व्हिडिओ बघून घरी पारा उकळायला बसू नका. त्याची वाफ ना दिसते, ना तिला वास असतो. यंत्र भिंतीवर उभं ठेवा आणि जाणकाराची वाट पाहा, चार महिने लागले तरी.