दीड तासाचा पहिला गेम

कोथरूडमधल्या मित्राच्या वन बीएचकेत आम्ही तिघांनी व्हिडिओ गेम बनवायचा स्टुडिओ थाटला. एक कोड लिहिणारा, एक चित्रं काढणारी आणि तिसरा मी. दोन्हींतलं काहीच धड येत नसल्याने हिशेब माझ्या गळ्यात पडले. कुणाचा वाटा किती, मध्येच कुणी सोडलं तर काय, हे पहिल्याच आठवड्यात लिहून काढा. आम्ही मैत्रीखातर टाळलं आणि एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) नोंदवताना सीएच्या ऑफिसात चहा गार होईस्तोवर भांडलो.

डोळ्यांसमोर पुण्याचाच नॉडिंग हेड्स गेम्स हा स्टुडिओ होता. त्यांचा 'राजी' हा गेम 2020 मध्ये आला, द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकनही मिळालं. त्याआधी लोकांकडून वर्गणी गोळा करायची त्यांची किकस्टार्टर मोहीम फसली होती, हे मात्र आम्ही सोयीस्करपणे विसरलो. थेट गडकिल्ल्यांचा थ्रीडी गेम करायला धावलो. आठ महिन्यांनी हातात एक महादरवाजा होता, आणि तोही उलटा उघडायचा.

शेवटी तो गुंडाळून गोडो इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर, छोटासा टूडी कोड्यांचा गेम केला. गोडो पूर्ण फुकट. अनरियल हे दुसरं इंजिन 5 टक्के रॉयल्टी मागतं, पण गेमची कमाई 10 लाख डॉलरच्या वर गेल्यावर. त्या काळजीने झोप उडवू नका.

खरी शाळा स्टीमवर, म्हणजे गेम विकायच्या ऑनलाइन दुकानात, भरली. दर गेममागे 100 डॉलर भरायचे. विक्री 1000 डॉलरपर्यंत पोचली की ते परत मिळतात. पैसे भरल्यावर 30 दिवस गेम विकायला काढता येत नाही. 'लवकरच येत आहे'चं पान किमान दोन आठवडे आधी लागतं. आम्ही बरोब्बर दोनच आठवडे आधी लावलं, ही घोडचूक. विशलिस्ट, म्हणजे गेम घ्यायचा म्हणून खूण करून ठेवणारी मंडळी, जमायला महिने जातात, आणि पहिल्या दिवशी गिऱ्हाईक तिथूनच येतं. विक्रीतले 30 टक्के स्टीमचे, शिवाय कर वेगळा. कराच्या फॉर्मात पॅन टाकायला विसरू नका, नाहीतर भारत-अमेरिका करारातली सवलत हुकते.

आणि रिफंड! घेतल्यापासून 14 दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. आमचा दीड तासात संपायचा. एका पठ्ठ्याने रिव्ह्यूत तोंडभरून कौतुक केलं, आणि त्याच रिव्ह्यूवर पैसे परत घेतल्याची खूण!

सध्या दुसऱ्यांच्या गेमसाठी बॅकग्राउंड रंगवून भाडं निघतं. दुसरा गेम साडेतीन तासांचा आहे.