"ऑपरेशन आत्ता नाही" म्हणाले, मग पुढे काय करायचं?

मी पुण्यात किमोच्या डे-केअरमध्ये सिस्टर आहे. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे पेशंट पहिल्यांदा येतात, तेव्हा नातेवाइकांच्या डोक्यात एकच वाक्य घोळत असतं: "गाठ रक्तवाहिनीला चिकटलीय, ऑपरेशन होणार नाही." सगळं संपलं, असं घरी ठरूनही गेलेलं असतं. तसं धरून बसू नका.

आधी सर्जनना विचारा, कुठल्या रक्तवाहिनीला आणि किती? आतड्याकडे किंवा लिव्हरकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीला गाठीचा वेढा १८० अंशांपेक्षा जास्त असेल आणि आजार लिव्हर, फुफ्फुसात पसरलेला नसेल, तर बहुधा रिपोर्टवर 'लोकली ॲडव्हान्स्ड' येतं. त्यासाठी स्वादुपिंडाचा खास, पातळ कापांचा कॉन्ट्रास्ट सीटी लागतो. जमलं तर तो स्टेंट, म्हणजे पित्तनळी उघडी ठेवणारी छोटी नळी, टाकायच्या आधीच करा.

कावीळ असेल तर ती उतरवून घ्यायला, नाकात थेंब घालायला कुठे जाऊ नका. गाठीने पित्तनळी दाबलेली असते. तिथे एंडोस्कोपीने स्टेंट बसवावा लागतो, शक्यतो धातूचा. कावीळ उतरल्याशिवाय पूर्ण ताकदीचा किमो देता येत नाही, आणि सीए १९-९ चा, म्हणजे रक्तातून या कॅन्सरचा अंदाज देणाऱ्या तपासणीचा, आकडाही काविळीत खोटा वाढतो. किमोआधी बायोप्सी लागतेच. त्याच सुमारास बीआरसीए जीनची (घराण्यात कॅन्सरचा धोका वाढवणारा दोष आहे का, याची) रक्ततपासणी मागा. औषध निवडायला ती उपयोगी पडते आणि मुलाबाळांनाही.

पेशंट हिंडता-फिरता असेल तर सहसा फोल्फिरिनॉक्स, म्हणजे अनेक औषधांचा एकत्र किमो, सुचवतात. दर दोन आठवड्यांनी छातीत कातडीखाली बसवलेल्या पोर्टमधून (शिरेत औषध सोडायच्या छोट्या डबीतून) औषध जातं आणि शेवटचं ४६ तास छोट्या पंपातून, तो कमरेला लावून घरी जायचं. तब्येत तेवढी साथ देत नसेल तर जेमसिटाबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल ही दोन किमोची औषधं. फोल्फिरिनॉक्समधल्या ऑक्झालिप्लॅटिननंतर काही दिवस गार पाणी घशाला काट्यासारखं लागतं, फ्रिजमधलं स्टीलचं भांडं उचललं की बोटांत झिणझिण्या येतात. माठही बंद, कोमट पाणीच प्या, पायात मोजे ठेवा. ताप १००.४ च्या वर गेला किंवा हुडहुडी भरली तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका. पांढऱ्या पेशी घटलेल्या असू शकतात किंवा स्टेंट तुंबलेला असू शकतो. रात्री दोन वाजता का होईना, हॉस्पिटल गाठा.

जेवणाबद्दल मी प्रत्येक घराशी भांडते. शौचाला तेलकट, पांढरट, पाण्यावर तरंगणारं होऊ लागलं की लोक तेल-तूप बंद करतात आणि पेशंट आणखी वाळतो. खरी कमतरता पाचक रसाची असते. डॉक्टरांकडून एन्झाइमच्या कॅप्सूल लिहून घ्या. रिकाम्या पोटी घेतल्या तर वाया जातात. पहिल्या घासाबरोबर एक आणि दोन असतील तर दुसरी अर्ध्या जेवणात. दुधाचा चहा-बिस्किटं किंवा शिरा असेल तरीही घ्यायच्या. मग वरण-भातावर तूप खुशाल वाढा. साखरही तपासत राहा, या आजारात मधुमेह नव्याने उपटतो.

दोन-तीन महिन्यांनी पुन्हा सीटी होतो. तिथे नीट लक्ष द्या, कारण किमोनंतर मेलेल्या गाठीचा व्रण आणि जिवंत गाठ सीटीवर सारखीच दिसू शकते. वेढा 'तसाच' लिहिलाय पण सीए १९-९ घसरलाय, वजन टिकलंय, तर ही ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या केंद्राचं मत घ्या. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल आहेच. जाताना सीटीची सीडी न्या, नुसता कागद नको. फोल्फिरिनॉक्स मिळालेल्या अशा पेशंटांच्या २०१६ सालच्या एकत्रित अभ्यासात साधारण चौघांतल्या एकाचं ऑपरेशन होऊ शकलं आणि निम्मे पेशंट दोन वर्षांपुढे गेले. ते किमो झेपणारे पेशंट होते, हे मात्र लक्षात ठेवा. बहुतेकांचं ऑपरेशन होत नाही, आणि ते मी कुणापासून लपवत नाही.

रेडिएशनची घाई नको. किमोनंतर रेडिएशन दिल्याने आयुष्य वाढलं नाही, असं अशाच पेशंटांवरच्या लॅप-०७ नावाच्या चाचणीत दिसलं. गाठ जागच्या जागी जास्त काळ आवरली गेली. काही महिने किमो होऊन आजार स्थिर असेल तेव्हा हा विषय काढा.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) उपचार सुरू व्हायच्या आधी भेटा.

आणि पाठीतलं दुखणं सोसायला लावू नका. पॅलिएटिव्हच्या, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या, डॉक्टरांना पहिल्याच महिन्यात भेटा. गोळ्या पुरेनात तर पोटामागच्या नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन दुखणं कमी करता येतं. मॉर्फिनला घाबरू नका, फक्त त्याने पोट हमखास जड होतं, म्हणून शौचाला साफ होण्याचं औषध त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या.