हातगाडीवर गलबत कसं उभं करायचं

४ जुलैला कान्होजी आंग्र्यांची पुण्यतिथी. १७२९ साली मराठा आरमाराचे हे सरखेल, म्हणजे प्रमुख, गेले, समाधी अलिबागला. आम्ही सोलापूरच्या साखर पेठेतली पोरं त्या दिवशी गल्लीतून गलबत फिरवतो, म्हणून ही कृती.

भाजीवाल्याची लांब हातगाडी घ्या. पुढची नाळ, म्हणजे जहाजाचं टोक, अरुंद आणि पुढे झुकलेली करा, नाहीतर होडगं दिसतं. गलबताला दोनच डोलकाठ्या, मागची अगदी किरकोळ. मुख्य शीड मोठं, तिकोनी. मी पहिल्या वर्षी हौसेनं सोलापुरी चादर लावली. पावसाच्या एका सरीत ती इतकी जड झाली की बांबू कडकन मोडून ढोलवाल्याच्या पाठीत. तेव्हापासून मांजरपाटच, आणि वरच्या कडेला दुहेरी शिवण.

वल्ही विसरू नका. खऱ्या गलबताला चाळीस-पन्नास असायची, कारण वारा पडला की गुरबांना, म्हणजे आरमारातल्या मोठ्या लढाऊ जहाजांना, ही गलबतंच ओढत नेत. आपल्याला बाजूला सहा पुरेत, झाडूचे दांडे चालतात.

प्रसंग १७२१ चा घ्या: इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले नि हात हलवत परतले. इंग्रज व्हायला कुणी तयार होत नाही. त्यांना आधी कडक भाकरी-शेंगाचटणी मिळेल असं जाहीर करा, रांग लागते.

तोफेचा आवाज ढोलावर काढा. फटाके नकोत, मांजरपाट पेटतो.