ब्रोकरेज तोट्यात का जातं? कमिशनचा आकडा बघून खूश होण्याआधी या चुका टाळा

“सौदे पुष्कळ झाले, पण खात्यात काही दिसत नाही.” घरांच्या खरेदी-विक्रीचं ब्रोकरेज चालवणाऱ्या ओळखीच्या लोकांकडून हे इतक्यांदा ऐकलंय, की आता मी पुढचं रडगाणं थांबवून एवढंच विचारतो: एजंटला किती टक्के देता?

कमिशनलाच कमाई समजणं

एका सौद्याचं कमिशन १०० धरा. एजंटची वाटणी ७०. पोर्टलवरच्या जाहिराती १२, ऑफिस, फोन आणि बॅकऑफिसचा माणूस मिळून १०. हातात राहिले ८. आता तुमचा सगळ्यात चांगला एजंट म्हणतो, मला ८० द्या, नाहीतर समोरचे देतायत. तुम्हाला वाटतं, दहाच तर वाढवायचेत. पण तुमचा हिस्सा ३० वरून २० वर आला, म्हणजे एक तृतीयांश उत्पन्न गेलं आणि खर्च मात्र २२ चा २२ च. पुढचा प्रत्येक सौदा दोनच्या तोट्यात. जितके सौदे जास्त, तितकं भोक मोठं.

वाटणीची ही ओढाताण आजची नाही. रीमॅक्स या ब्रोकरेज कंपनीने अमेरिकेत १९७३ साली सुरुवात केली तीच मुळी एजंटने जवळजवळ सगळं कमिशन ठेवावं आणि ऑफिसचा खर्च स्वतः उचलावा या तत्त्वावर. २००९ मध्ये आलेल्या ईएक्सपी या दुसऱ्या अमेरिकन ब्रोकरेजने शाखांच्या जागाच काढून टाकल्या. दोघांनीही वाटणी वाढवण्याआधी खर्च कुणावर टाकायचा ते ठरवलं होतं. आपण वाटणी वाढवतो आणि खर्च तसाच ठेवतो, तिथे गणित फसतं.

यावर एक साधी दुरुस्ती आहे: लीड, म्हणजे चौकशी करणारी पार्टी, कुणी आणलं त्यावर वाटणी ठरवा. एजंटने स्वतः आणलेल्या पार्टीला ७० ठीक. तुमच्या जाहिरातीवरून आलेल्या पार्टीला तोच ७० देणं म्हणजे जाहिरातीचा खर्च दान करणं. हे एजंटला रुजू होण्याच्या दिवशीच सांगा; सौदा झाल्यावर सांगितलंत तर भांडण ठरलेलं.

भाव बघणं, व्यवहार न मोजणं

भाव टिकून आहेत म्हणजे धंदा बरा चाललाय, ही समजूत महाग पडते. २०२३ मध्ये अमेरिकेत जुन्या घरांचे साधारण ४० लाख ९० हजार व्यवहार झाले, १९९५ नंतरचे सर्वांत कमी. भाव मात्र कोसळले नव्हते. स्वस्त दराने कर्ज घेतलेले मालक घर विकून महाग कर्जात पडायला तयार नव्हते, म्हणून माल बाजारातच आला नाही. ब्रोकर जगतो तो घर हातोहात फिरण्यावर. म्हणून दर महिन्याला भावाऐवजी दोन गोष्टी लिहून ठेवा: नवीन लिस्टिंग (विकायला आलेली घरं) किती आलं आणि टोकनपर्यंत किती पोचलं. हे दोन्ही सलग तीन महिने खाली गेले, तर नवी भरती थांबवा. कमिशन सौद्यानंतर काही महिन्यांनी येतं, त्यामुळे बँकेतली शिल्लक नेहमी जुनीच बातमी सांगते. सहा महिन्यांचा ठरलेला खर्च बाजूला असायलाच हवा.

‘लीड फालतू असतात’ ही तक्रार

एका ओळखीच्या ऑफिसात मी एकदा चौकशीची नोंदवही आणि कॉलची यादी शेजारी ठेवून पाहिली. चौकशी रात्री ९:४० ला आलेली. पहिला फोन दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वा वाजता. शेरा: “पार्टी सिरियस नाही.” पार्टी सिरियसच होती, फक्त सकाळी दुसऱ्याबरोबर व्हिजिट करून मोकळी झाली होती. त्या पानावर असे सात शेरे होते. पोर्टल बदलण्याआधी पहिल्या उत्तराला लागलेला वेळ मोजा. रात्रीची पहिली दोन उत्तरं सॉफ्टवेअरने दिली तरी चालतं, पण सकाळी कोण फोन करणार त्याचं नाव ठरलेलं असू द्या.

तंत्रज्ञान सगळं गिळणार, किंवा सगळं सोडवणार

दोन्ही टोकं चुकीची. झिलो या अमेरिकेतल्या घरांच्या पोर्टलने भावाच्या भाकितांच्या भरवशावर घरं स्वतः विकत घ्यायला घेतली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो विभाग बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढच्या काही महिन्यांतले भावच नीट सांगता येईनात. ब्रिटनमधलं पर्पलब्रिक्स हे ऑनलाइन ब्रोकरेज स्वस्त ठोक फी आधीच घ्यायचं, घर विको न विको. २०२३ मध्ये ते अवघ्या एका पौंडाला विकलं गेलं. माझं मत: फी आधीच हातात आली की माणूस फॉलोअप सोडतो, आणि विक्रेता नेमके त्याचेच पैसे देत असतो. स्वस्त फीशी स्पर्धा करू नका, ती तुम्हाला झेपणार नाही.

फी तोंडी ठरवणं

पुढच्या काळातला खरा बदल इथे आहे. अमेरिकेत रिअल्टर, म्हणजे घरांच्या ब्रोकरांच्या, संघटनेने कमिशनवरच्या खटल्यांत केलेल्या ४१.८ कोटी डॉलरच्या तडजोडीनंतर १७ ऑगस्ट २०२४ पासून, घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो आणि त्याच्या एजंटचं कमिशन लिस्टिंगच्या सामायिक यादीत जाहीर करता येत नाही. “तुमचं कमिशन कशाबद्दल?” हा प्रश्न इतर ठिकाणीही येणारच. एका पानावर लिहा: किती व्हिजिट, कागदपत्रं कोण तपासणार, भावाची बोलणी कोण करणार, फी किती, कधी. हे पान भरता येत नसेल, तर दोष ग्राहकाचा नाही.

आणि दोन गोष्टी झटकन. पार्टीचे नंबर एजंटच्या खासगी फोनमध्ये राहू देऊ नका, तो गेला की तुमची दहा वर्षंही जातात. “खाते क्रमांक बदलला आहे” असा ईमेल आला, तर त्यातल्या नंबरवर नाही, आधीपासून जवळ असलेल्या नंबरवर फोन करून विचारा. ग्राहकालाही ही सूचना पहिल्याच भेटीत लेखी द्या.