जुन्या रमची तुलना करताय? आधी या चुका टाळा

चार-पाच एज्ड रम एका रांगेत मांडायच्या, एकेक घोट घ्यायचा आणि जी सगळ्यात स्मूथ लागेल तिला पहिला नंबर द्यायचा. बहुतेक ठिकाणी रमची तुलना अशीच होते आणि मग "हीच बेस्ट, बाकी सगळ्या घशाला लागतात" असं ठाम मत तयार होतं. प्रॉब्लेम असा की अशा रांगेत बऱ्याचदा जिंकते ती साखर, नाहीतर कमी स्ट्रेंथ (अल्कोहोलचे टक्के), आणि जिच्यावर कुणीतरी बारा-पंधरा वर्षं लक्ष ठेवलंय ती रम शेवटच्या नंबरला जाते. याचं खरंच वाईट वाटतं. म्हणून खालच्या चुकांपैकी निदान गोडीची आणि आकड्यांची तरी नीट वाचा, बाकीचं बरंचसं त्यानंतर आपोआप जागेवर येतं.

गोड म्हणजे जुनी, हा समज

भट्टीतून निघालेल्या रममध्ये साखर नसते. मळी असो नाहीतर उसाचा रस, आंबवताना साखरेचं अल्कोहोल होतं आणि जी काही उरते ती भट्टीत खाली राहते, वाफेबरोबर वर येत नाही. पुढे बॅरलमधून व्हॅनिलाचा वास येतो, मसालेदारपणा येतो, लाकडाचा तुरटपणा येतो, पण साखर म्हणाल तर अगदी नावापुरती. त्यामुळे एखादी रम पाकासारखी जिभेला चिकटत असेल तर ती गोडी वय वाढल्यामुळे आलेली नाही, ती नंतर घातलेली आहे. घालणं सगळीकडे बेकायदा आहे असंही नाही. युरोपियन युनियनमध्ये २०२१ पासून लिटरमागे २० ग्रॅमपर्यंत चालतं, त्याच्या वर गेलं की लेबलवर रम म्हणता येत नाही, 'स्पिरिट ड्रिंक' म्हणावं लागतं. जमैकात मात्र साखर चालत नाही, आणि बार्बाडोसच्या फोरस्क्वेअर डिस्टिलरीचे रिचर्ड सील तर कितीतरी वर्षं याविरुद्ध उघडपणे बोलतायत.

साखर वाईट का, असं विचारलं तर माझं मत असं की प्यायला वाईट नाही, ज्याला आवडते त्याने खुशाल प्यावी, पण तुलनेच्या रांगेत ती सगळा हिशोब बिघडवते कारण अल्कोहोलचा चटका कमी होतो, ओकचा (बॅरलच्या लाकडाचा) कडवटपणा झाकला जातो, आणि त्याबरोबर वासातले बारीक पदरही झाकले जातात. एक गोड रम प्यायलात की पुढची बिनसाखरेची रम उगाच रुक्ष आणि तिखट लागते, त्या बिचारीचा काहीच दोष नसताना.

ओळखायचं कसं? सगळ्यात सोपं म्हणजे एक चमचा रम काचेच्या सपाट बशीत ओता आणि रात्रभर उघडी ठेवा. सकाळी अल्कोहोल आणि पाणी उडून गेलेलं असतं. साखर नसलेल्या रमचा फक्त पातळ तपकिरी डाग उरतो, बोट फिरवलं तर कोरडं किंवा जेमतेम ओलसर लागतं, आणि साखर घातलेली असेल तर बोट उचलताना बशीला चिकटतं, कधीकधी चक्क तार येते. ज्यांच्याकडे अल्कोहोलमीटर आहे त्यांनी २० अंश सेल्सिअसला रीडिंग घ्यावं, साखरेने द्रवाची घनता वाढते म्हणून मीटर लेबलपेक्षा कमी टक्के दाखवतं. लेबलवर ४० आणि मीटरवर ३५ च्या आसपास असेल तर लिटरमागे साधारण २० ग्रॅम काहीतरी विरघळलेलं आहे असं धरा. थोडासा फरक लाकडाच्या अर्कानेही पडतो, तेवढ्यावरून कुणावर आरोप करू नका.

लेबलवरच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास

हा आकडा प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट सांगत नाही आणि इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात. जमैकाच्या बाटलीवर १२ लिहिलं असेल तर आतली सगळ्यात कोवळी रमसुद्धा किमान १२ वर्षं बॅरलमध्ये राहिलेली असते. ग्वाटेमालाच्या झकापा २३ चं तसं नाही, ती सोलेरा पद्धतीची आहे, म्हणजे वेगवेगळ्या वयाच्या रम टप्प्याटप्प्याने एकमेकींत मिसळत जातात, आणि कंपनीच सांगते की आत ६ ते २३ वर्षांच्या रम आहेत. यात लपवाछपवी आहे असं मी म्हणत नाही पण "२३ वर्षांची रम १२ वर्षांच्या रमशी लावून बघितली" हे वाक्य मुळातच चुकीचं ठरतं. मार्टिनिक या फ्रेंच बेटाच्या एओसी (मूळ ठिकाणाच्या कायदेशीर नियमांनुसार बनवलेल्या) रममध्ये तर आकड्याऐवजी अक्षरं असतात, व्हीओ म्हणजे किमान ३ वर्षं, व्हीएसओपी ४, एक्सओ ६. आणि हीच अक्षरं दुसऱ्या देशातल्या बाटलीवर दिसली तर तिथे हेच नियम असतील असं अजिबात समजू नका, बऱ्याच ठिकाणी एक्सओ हे फक्त नाव असतं.

दुसरी गोष्ट, वय कुठे वाढलं हेही बघा. कॅरिबियनच्या उष्णतेत बॅरलमधून वर्षाला साधारण ६ ते ८ टक्के माल उडून जातो, स्कॉटलंडसारख्या थंड हवेत हेच प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास असतं. गरम हवेत लाकडाशी देवाणघेवाणही जोरात चालते, म्हणून तिथली १२ वर्षांची रम चांगली भरलेली लागते आणि २५ वर्षांची कधीकधी नुसतं लाकूड चघळल्यासारखी. म्हणजे आकडा मोठा म्हणून रम मोठी, हे इथे चालत नाही. काही जमैकन आणि गयानीज रम कोवळ्या वयात युरोपात नेऊन तिथल्या गोदामात वाढवलेल्या असतात, त्या त्याच वयाला जास्त हलक्या आणि भट्टीचा मूळ वास जास्त राखलेल्या असतात. लेबलवर ट्रॉपिकल किंवा कॉन्टिनेंटल एजिंग लिहिलेलं असतं ते यासाठी.

रंगाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. गडद म्हणजे जुनी असं काही नसतं, कॅरमल रंग घालून कुठलीही रम गडद करता येते, आणि कोळशातून गाळून जुनी रम पांढरी करून विकतातही.

भलत्या रम शेजारी ठेवणं

जमैकाच्या हॅम्पडेन डिस्टिलरीची पॉट स्टिल (हंड्यासारख्या भट्टीत एकेक घाणा काढलेली) रम, मार्टिनिकची उसाच्या रसाची (ॲग्रिकोल) रम आणि एखादी हलकी क्युबन पद्धतीची कॉलम स्टिल (उंच खांबासारख्या भट्टीत सलग काढलेली) रम एका रांगेत ठेवून "यातली चांगली कुठली" विचारणं म्हणजे प्रश्नच चुकलाय. हॅम्पडेनमध्ये महिनोन् महिने साठवलेल्या मक (आंबलेला गाळ) आणि डंडर (आधीच्या वेळी भट्टीत खाली उरलेलं पाणी) यांच्या जोरावर आंबवतात आणि एस्टरच्या (फळांसारखा वास देणाऱ्या घटकांच्या) प्रमाणानुसार रमला वेगवेगळे मार्क (प्रकारांची नावं) देतात. त्यातल्या डीओके मार्कला शुद्ध अल्कोहोलच्या दर हेक्टोलिटरमागे १५०० ते १६०० ग्रॅम एस्टर असतात, हलक्या कॉलम रममध्ये याचा किरकोळ अंशही नसतो. अशा दोघी शेजारी आल्या की हलकी रम पाण्यासारखी लागते आणि जड रम खराब झालीय की काय असं वाटतं, दोन्ही मतं खोटी.

त्यापेक्षा एका वेळी एकच गोष्ट बदला. वय समजून घ्यायचंय? जमैकाच्या ॲपल्टन इस्टेटच्या ८, १२ आणि १५ वर्षांच्या घ्या, एकच घर, तिन्ही ४३ टक्के, त्यामुळे लाकूड कसं चढत जातं ते स्पष्ट कळतं. ब्लेंडर (वेगवेगळ्या रम मिसळून चव जुळवणाऱ्या) जॉय स्पेन्स यांचं काम समजून घ्यायलाही याहून चांगली रांग नाही असं मला वाटतं. भट्टीचा फरक बघायचा असेल तर गयानाकडे वळा, डेमेरारा डिस्टिलर्सच्या डायमंड डिस्टिलरीत पोर्ट मोरांटची लाकडी डबल पॉट स्टिल आणि एनमोरची लाकडी कॉफी स्टिल (कॉलम स्टिलचाच जुना प्रकार) आजही चालू आहेत आणि त्यांच्या वेगवेगळ्या बॉटलिंग मिळतात. जड, मांसल वास एकीकडे आणि जरा सडपातळ वास दुसरीकडे, एकदा नाकात बसला की विसरत नाही.

स्ट्रेंथ न जुळवणं

४० टक्क्यांची एक आणि ६० टक्क्यांची एक शेजारी ठेवली तर कास्क स्ट्रेंथवाली (बॅरलमधून पाणी न घालता भरलेली) एकतर दमदार म्हणून जिंकते नाहीतर जाळते म्हणून हरते, आणि दोन्ही वेळा निकाल अल्कोहोलने दिलेला असतो. आधी जशी आहे तशी थोडी चाखा, तिचा मान राखा, मग तुलनेसाठी पाणी घालून खाली आणा. हिशोब सोपा आहे, ६० टक्क्यांच्या २० मिलीत १० मिली पाणी घातलं की जवळपास ४० टक्के होते. पाणी साधं, क्लोरीनचा वास नसलेलं घ्या, थोडं थोडं घाला आणि मग दहा मिनिटं ग्लासला हात लावू नका, लगेच चाखलं तर पाणी वेगळं आणि रम वेगळी लागते. पाणी घातल्यावर रम जराशी गढूळ झाली तर घाबरू नका, चिल फिल्टर न केलेल्या (थंड करून न गाळलेल्या) रममधले तेलकट घटक कमी अल्कोहोलमध्ये विरघळलेले राहत नाहीत म्हणून तसं होतं, त्यात बिघाड काही नाही. बर्फ मात्र तुलनेच्या वेळी नकोच, थंडीने वास बसतो.

नाकाने हावरटपणा करणं

वाइनसारखा जोरात गोल फिरवून, नाक ग्लासात खुपसून लांब श्वास घेतला की पहिल्याच झटक्यात अल्कोहोल नाकाला बधिर करतं आणि पुढची दहा मिनिटं सगळ्या रम सारख्याच वाटतात. ट्यूलिपच्या आकाराचा ग्लास घ्या, ग्लेनकेर्न किंवा कोपिटा चालेल, ब्रँडीचा मोठा फुगा नको कारण त्यात वाफ साठते. १५ मिली ओता, पाच-दहा मिनिटं राहू द्या. मग ग्लास आधी हनुवटीशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि नेहमीचा श्वास घ्या, वास स्वतःच वर येतो. हळूहळू ग्लास वर सरकवा, आणि ज्या ठिकाणी नाकात टोचायला लागलं त्याच्या बोटभर खाली थांबा, तीच त्या रमची जागा. कडेच्या खालच्या बाजूला आणि वरच्या बाजूला वास वेगळा येतो, तोही बघा. नाक दमलं की स्वतःच्या शर्टाच्या बाहीचा वास घ्या, परफ्यूम मारलेला नसेल तर नाक पुन्हा ताजं होतं.

चवीचंही तसंच, पहिल्या घोटावर कधीच मत देऊ नका. तो घोट फक्त तोंडाला अल्कोहोलची सवय करायला असतो. दुसरा घोट अर्धा चमचाभर, जिभेवर सगळीकडे फिरवा, गिळा किंवा थुंका, आणि मग तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. जुन्या रमची खरी गंमत बऱ्याचदा इथे असते, आणि एक-दोन मिनिटांनी काय उरतं ते लिहून ठेवा. साखरवाली रम इथे लवकर संपते, हेही लक्षात येईल.

नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला तर

तो इथाइल ॲसिटेटचा वास आहे. जमैकन हाय एस्टर रममध्ये तो मुद्दाम असतो, ग्लासात दहा-पंधरा मिनिटं ठेवलीत की मागे सरतो आणि त्याखालून पिकलेलं केळं, अननस वर येतो, म्हणून घाईने बाजूला सारू नका. पण हलक्या कॉलम रममध्ये तो वास अर्ध्या तासाने पण तसाच टोचत असेल आणि त्याखाली काहीच नसेल, तर हो, त्या रममध्येच काहीतरी कमी आहे.

क्रम, संख्या आणि लेबल

हलकीकडून जडकडे, कमी टक्क्यांकडून जास्तकडे, बिनसाखरेचीकडून गोडकडे, आणि हाय एस्टर किंवा ॲग्रिकोल अगदी शेवटी. एका बैठकीला चार पुरे, पाच फार झाल्या. त्यापुढे जीभ काही सांगत नाही, आपण फक्त पीत असतो. जास्त बघायच्या असतील तर थुंका, त्यात लाज कसली, ब्लेंडर लोक रोज तेच करतात, आणि बैठकीनंतर गाडी चालवायची नाही हे तर आलंच. आधी कॉफी, कच्चा कांदा, टूथपेस्ट टाळा. ग्लास साबणाने धुतला असेल तर नुसत्या पाण्याने दोनदा खळखळवा आणि रिकाम्याचा वास घेऊन बघा, कपाटाचा वास सुद्धा ग्लासात उतरतो.

लेबल दिसत असेल तर तुलना झालीच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. महागडी बाटली, जाड काच, लाकडी खोका, हे सगळं चवीत घुसतं. ग्लासाच्या तळाला नंबर चिकटवा आणि दुसऱ्या कुणाला तरी ओतायला सांगा. "सगळ्या सारख्याच लागतायत" किंवा उलट "मला फरक लगेच कळतो" यातलं काहीही वाटत असेल तर तीन ग्लासांची टेस्ट करा, दोन ग्लासांत एक रम आणि तिसऱ्यात दुसरी, वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजाने सुद्धा तीनात एकदा बरोबर येतं म्हणून एकदा जमलं यावर खूश होऊ नका, चार-पाच वेळा करा, पण वेगवेगळ्या दिवशी आणि चमचाभर रम घेऊन. दोन रममधला फरक ओळखताच आला नाही तर त्यातली स्वस्त घ्या, सरळ हिशोब आहे.

मागच्या महिन्यात आवडलेली आज फिकी का लागते?

बऱ्याचदा कारण बाटलीत असतं. पाव बाटली रम आणि वर सगळी हवा अशी अवस्था महिनोन् महिने राहिली की आधी वरचे हलके वास जातात आणि रम सपाट होते. नुकती फोडलेली बाटली आणि वर्षभर पडलेली तळाची बाटली यांची तुलना म्हणूनच करू नका. उलटही होतं, काही रम बूच काढल्या दिवशी बंद बंद लागतात आणि दोन आठवड्यांनी खुलतात, म्हणून नवी बाटली फोडून त्याच संध्याकाळी निकाल देऊ नका. बाटली उभी ठेवा, आडवी ठेवली तर अल्कोहोल बुचाला खातं आणि रमला बुचाचा वास लागतो. उन्हापासून लांब ठेवा. आणि जी रम पुढे तुलनेसाठी हवी आहे तिची बाटली निम्म्यावर आली की उरलेली छोट्या काचेच्या बाटल्यांमध्ये काठोकाठ भरा आणि त्यावर नाव, टक्के आणि भरल्याची तारीख लिहा.