जून-जुलैचा कृषी सल्ला : इलावे, पुनो (पेरू)

आपल्याकडे मृगाच्या सरींची वाट पाहिली जाते, त्याच दिवसांत पेरूच्या पुनो विभागात आभाळ कोरडे ठणठणीत असते आणि रात्री भांड्यातले पाणी गोठते. टिटिकाका सरोवराकाठचा इलावे हा आयमारा या मूळनिवासी समाजाच्या शेतकऱ्यांचा जिल्हा. सरोवरच ३,८१२ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. बटाट्याची काढणी आटोपली आहे; आता चुन्यो, म्हणजे गोठवून वाळवलेला बटाटा, करायचे दिवस.

आधी जागा. सरोवराचे पाणी दिवसाची ऊब धरून ठेवते, त्यामुळे काठाला गारठा सौम्य असतो. तिथे बटाटा नीट गोठत नाही. चुन्योसाठी काठापासून लांबचे, उघडे, सपाट माळच निवडा. इचू गवत अंथरून बटाटे एकावर एक न येता पसरा. लुकी जातीचा कडू बटाटा यासाठीच राखा. तो प्रक्रियेशिवाय खाण्याजोगा नसतो.

साधारण तीन रात्री कडक गारठा मिळाला की बटाटा दाबून पाहा. बोटाखाली स्पंजासारखा दबून पाणी सुटले, तर तो तयार. दुपारच्या उन्हात छोटे ढीग करून अनवाणी पायांनी तुडवा. पाणी निघते, साल सुटते. मग पुरते वाळेपर्यंत पसरून ठेवा. पाच किलो बटाट्याचा जेमतेम किलोभर चुन्यो होतो, पण नीट वाळलेला वर्षानुवर्षे टिकतो. तुंता, म्हणजे चुन्योचाच पांढरा प्रकार, करायचा असेल तर गोठलेल्या बटाट्याला ऊन लागू देऊ नका, तो काळवंडतो. पहाटेच गोळा करून जाळीच्या पिशव्यांत भरा आणि नदीच्या वाहत्या पाण्यात तीन-चार आठवडे ठेवा.

यंदा किती पसरायचे, हे ढिगाकडे पाहून ठरवू नका, घरात पाय किती आहेत ते मोजा. पुनोची लोकसंख्या २००७ मध्ये १२,६८,४४१ होती, २०१७ च्या जनगणनेत ती ११,७२,६९७ वर आली. तरुण मंडळी शहराकडे गेली की तुडवायला म्हातारी माणसेच उरतात. वितळलेला बटाटा तसाच पडून राहिला तर आंबतो, आणि वर्षभराची मेहनत मातीत जाते, म्हणून थोडा-थोडाच माल पसरा. आयनी, म्हणजे आपल्या सावडीसारखी कामाची देवाणघेवाण, शेजाऱ्यांशी आत्ताच ठरवून घ्या.

बियाणे मात्र आधीच वेगळे काढा. एका रात्रीचा गारठाही त्याचे मोड मारतो. अंधाऱ्या, हवेशीर खोलीत मुन्या या पुदिन्यासारख्या रानटी झुडपाच्या उग्र वासाच्या पाल्याचे थर देत रचा. बटाट्याच्या भुंग्याच्या अळ्या ढिगातून उतरून जमिनीत शिरतात. ढीग ताडपत्रीवरच करा, खाली पडलेल्या अळ्या कोंबड्यांना टिपू द्या. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि माझ्या मते सर्वांत कमी वापरला जाणारा.

२४ जूनच्या आसपास पहाटे कृत्तिका जरूर पाहा. तारे ठसठशीत दिसले तर पाऊस वेळेवर, मंद दिसले तर उशिरा, असा इथला जुना ठोकताळा आहे. त्याला आधार आहे: एल निनोच्या वर्षी उंचावर विरळ ढगांचा पडदा येतो आणि तारे फिके पडतात. अशा वर्षी इथले लोक बटाट्याची लागवड चार ते सहा आठवडे पुढे ढकलतात. तेव्हा बियाणे तेवढे जास्त दिवस टिकेल असे रचून ठेवा.