पूरमापन यंत्रणा आखताना पर्याय खुले कसे ठेवावेत

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजणारी यंत्रणा उभारायची असेल, तर पहिल्याच बैठकीत सेन्सर ठरवून टाकू नये. रडार (रेडिओलहरींनी पाण्यापर्यंतचे अंतर मोजणारा), अल्ट्रासॉनिक (तेच ध्वनिलहरींनी मोजणारा) आणि दाबमापक (पाण्यात बुडवून दाबावरून पातळी मोजणारा) हे तिन्ही पर्याय समांतर तपासत राहावेत आणि कोणत्या पुराव्यावर कोणता बाद करायचा, हे आधीच लिहून ठेवावे: हवेच्या तापमानामुळे अल्ट्रासॉनिकचे मोजमाप किती सरकते, गाळाने दाबमापकाचे तोंड किती लवकर बुजते. धोक्याची पातळी 45 फूट असली, तरी 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले होते. म्हणून मोजमापाचा पल्ला सढळ ठेवावा. सेन्सर बसवायचा खांबावरचा कंस (ब्रॅकेट), वीजपुरवठा आणि डेटालॉगर (मोजमापांच्या नोंदी साठवणारे उपकरण) मात्र तिन्हींना चालतील असेच घ्यावेत. हा जादा खर्च मला पूर्णपणे रास्त वाटतो. अंतिम निवडीची तारीख पावसाळ्यापासून खरेदी, बसवणी आणि चाचणीचा काळ मागे मोजून ठरवावी.